सहा इंची एक्झॉस्ट की बारा इंची? आधी बाथरूममध्ये हवा येते कुठून ते बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दर्यापूर तालुक्यातलं गाव, दोन वर्षांपूर्वी बांधलेलं स्लॅबचं घर, बेडरूमला लागून सात बाय पाच फुटांचं संडास-बाथरूम, बाहेरच्या भिंतीला काचेच्या पट्ट्यांची एक लूव्हर खिडकी आणि आतून फायबरचा दरवाजा. स्लॅबच्या कोपऱ्यात काळे डाग पडलेत, खालच्या भिंतीचा रंग पापुद्रे धरून गळतोय, वास बेडरूममध्ये येतो, आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या तुमच्या आईला दमा आहे. तालुक्याच्या दुकानदारानं सांगितलं की बारा इंची लोखंडी पंखा न्या, एका झटक्यात सगळं साफ. तुमचं विचारणं एवढंच की सहा इंची घ्यावा की बारा इंची, आणि बसवायचा कुठे.

मी चांदूर बाजार-अचलपूर भागात सव्वीस वर्षं वायरमनचं काम करतो. या काळात बाथरूमचे पंखे शेकड्यानं बसवले, आणि दुसऱ्यानं बसवलेले बरेच काढून पुन्हा बसवले. पुन्हा बसवायला लागले त्यातल्या फारच थोड्या ठिकाणी पंखा छोटा पडला होता. बहुतेक ठिकाणी पंखा चांगला होता, पण त्याला ओढायला हवाच मिळत नव्हती, किंवा भलत्याच ठिकाणची मिळत होती. म्हणून इंचाचं उत्तर थोड्या वेळानं देतो.

तुम्ही तीन तक्रारी एका दमात लिहिल्या आहेत. त्यांची कारणं तीन असू शकतात. वरचे काळे डाग, खालचे पापुद्रे आणि वास. पंखा पहिली तक्रार घालवेल, तिसरी कदाचित घालवेल, दुसरीला तो हातही लावू शकणार नाही.

आधी खालच्या पापुद्र्यांचं बघू, कारण तुम्ही दर्यापूरचे आहात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला आणि बुलढाण्याचा तो सगळा पट्टा खारपाणपट्टा आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. घर बांधताना तेच पाणी विटा भिजवायला, सिमेंट कालवायला आणि भिंतीवर मारायला वापरलं असेल, तर मीठ भिंतीतच बसलेलं असतं. भिंत ओली झाली की ते मीठ विरघळतं, वाळली की पृष्ठभागावर येऊन त्याचे खडे होतात आणि रंगाला आतून ढकलतात. पापुद्रा काढून खाली बोट फिरवा. पांढरी पूड बोटाला लागली तर तो लोणा आहे. त्याचं काम गवंड्याकडे आहे: टाइल्सचे सांधे, पाइपची गळती, जोत्यातून वर चढणारी ओल. पंखा लावून चार महिन्यांनी तेच पापुद्रे पुन्हा दिसले तर पंख्याला दोष देऊ नका.

शंका असेल तर एक साधी परीक्षा आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा वीतभर तुकडा घ्या, भिंत कोरड्या फडक्यानं पुसा आणि चारही बाजूंनी टेप लावून तो घट्ट चिकटवा. एक तुकडा खाली पापुद्र्यांजवळ, एक वर काळ्या डागाजवळ. दोन दिवस तसेच राहू द्या, बाथरूम रोजच्यासारखं वापरा. मग बघा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं असेल तर ओल भिंतीतून येतेय. पाणी तुमच्या बाजूला धरलं असेल आणि मागची बाजू कोरडी असेल, तर ती आंघोळीची वाफ आहे. स्लॅबच्या वर पाण्याची टाकी ठेवली असेल तर वरच्या तुकड्याकडे जास्त लक्ष द्या. टाकीखालचा पाझर आणि वाफेचे डाग लांबून सारखेच दिसतात. पाझराचा डाग बहुधा पिवळसर कडेचा, एका जागी पसरत जाणारा असतो. वाफेचे डाग कोपऱ्यात, बारीक काळ्या ठिपक्यांनी सुरू होतात.

तुमच्या वर्णनावरून वरचे डाग मला वाफेचेच वाटतात. आपल्याकडे पूस-माघात रात्री कडाक्याची थंडी पडते, स्लॅब रात्रभर उघड्यावर थंड होतो, आणि सकाळी सहाला गीझरच्या पाण्यानं घरातले चार जण एकामागून एक आंघोळी करतात. ती वाफ वर जाते आणि थंड स्लॅबला टेकताच तिचं पाणी होतं. कोपऱ्यात हवा फिरत नाही, म्हणून तिथं ते पाणी दुपारपर्यंत टिकतं आणि बुरशी धरते. हीच वाफ आंघोळ चालू असताना आणि नंतर पंधरा-वीस मिनिटांत बाहेर काढली तर स्लॅब ओला होतच नाही. एक्झॉस्टचं खरं काम हे.

आता वास. इथे एक घर सांगतो. आमच्या भागातले एक निवृत्त गुरुजी, घर तुमच्यासारखंच, नवं. त्यांनी बारा इंची लोखंडी पंखा आधीच बसवून घेतला होता. मला बोलावलं आणि म्हणाले, "काहून जी, पंखा लावला तवापासून वास कमी व्हाव का वाढाव?" मी आत गेलो, दरवाजा लावला, पंखा सुरू केला. दरवाजा आतल्या आत खेचला जात होता, कडी वाजत होती. मग खाली बसून मोरीच्या जाळीवर तळहात धरला. जाळीतून वारा वर येत होता. गार, कुबट वारा, सरळ हाताला लागत होता. जाळी उचलून बघितली तर नहाणी ट्रॅपमधली वाटीच नव्हती. पाणी हळू जातं म्हणून कोणीतरी ती काढून टाकली होती. त्या वाटीमुळेच ट्रॅपमध्ये पाण्याचा थर अडून राहतो आणि गटाराची हवा आत येत नाही. दरवाजाखाली फट नाही, खिडकी बंद, आणि वर बारा इंची पंखा ओढतोय. त्याला जिथून सोपं पडलं तिथून, म्हणजे गटारातून, तो हवा ओढत होता.

नव्वद रुपयांची वाटी बसवली, दरवाजा खालून पाऊण इंच कापला, वास त्याच दिवशी गेला. पंखा मी नंतर बदलून दिला, पण तो आवाजासाठी.

म्हणून पंखा घेण्याआधी मोरीची जाळी उचलून वाटी जागेवर आहे का, पाणी उभं आहे का ते बघा. संडासच्या भांड्याखालच्या मुर्ग्यातही (पाणी अडवणाऱ्या वाकड्या पाइपात) पाणी दिसलं पाहिजे. गावाकडच्या कमी पाण्यात धुता येणाऱ्या भांड्यांत हा पाण्याचा थर फक्त 20 मिलिमीटरचा असतो. घरातला छोटा पंखा तेवढं पाणी ओढून काढू शकत नाही, ती भीती नको. पण घर आठ-पंधरा दिवस बंद राहिलं तर उन्हाळ्यात ते पाणी आपोआप आटतं आणि मग वाट मोकळी होते. बाहेरगावाहून आल्यावर पंखा लावायच्या आधी दोन्हीकडे तांब्या-दोन तांबे पाणी ओता.

आता इंचाचा हिशोब. तुमचं बाथरूम सात बाय पाच, उंची दहा फूट धरू. म्हणजे 350 घनफूट. एका घनमीटरला साधारण 35 घनफूट, म्हणजे 10 घनमीटर हवा. बाथरूमची हवा तासाला दहा-बारा वेळा बदलली तर वाफ नीट निघते, असा हिशोब मी धरतो. म्हणजे तासाला 100 ते 120 घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर हवा किती काढतो ते घनमीटर प्रति तास असं छापलेलं असतं. सहा इंची म्हणजे 150 मिलिमीटरच्या चांगल्या पंख्यावर 200 च्या पुढचा आकडा दिसेल. तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. भिंतीत बसवला, मागे झडपा आल्या, पात्यांवर धूळ बसली की निम्मा धरा. तरी तुमचं काम भागतं. भांडं आणि आंघोळ एकत्र असलेलं आठ बाय सहापर्यंतचं बाथरूम सहा इंचीवर चालतं. त्याहून मोठं असेल, किंवा एकत्र कुटुंबात सकाळी दोन तास एकामागून एक आंघोळ चालत असेल, तर आठ इंची घ्या. दहा आणि बारा इंची पंखे स्वयंपाकघरात, दुकानात, कूलरच्या हॉलमध्ये शोभतात.

"मोठा घेतला तर बिघडलं काय" असं वाटेल. बिघडतं ते दरवाजाखाली. सहा इंची गोलाचं क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस इंच. बारा इंचीचं 113. तुमचा दरवाजा तीस इंच रुंद असेल आणि खाली एक इंच फट असेल, तर आत यायला वाट आहे 30 चौरस इंचाची. सहा इंची पंख्याला ती पुरते. बारा इंचीला तिच्यापेक्षा चौपट लागेल, ती मिळत नाही, म्हणून तो घोंघावतो, दरवाजा ओढतो आणि गटाराच्या वाटेला लागतो. जेवढी हवा आत येईल तेवढीच बाहेर जाईल, पंखा कितीही मोठा आणा.

त्यामुळे तुमचं पहिलं काम दरवाजाचं. फायबरचे दरवाजे तळापर्यंत येतात, आणि आपल्याकडे बाथरूमला ग्रॅनाइटचा उंबरा असतो, त्यामुळे दरवाजा लावला की डबीचं झाकण बसल्यासारखं होतं. खालून पाऊण ते एक इंच कापून घ्या. फटीतून साप-विंचू येण्याची भीती असेल (वावराला लागून घर असेल तर ती खरीच), तर फट न ठेवता दरवाजाच्या खालच्या भागात बारा बाय सहा इंचाची तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवा, आतून बारीक तारजाळी लावून. आतलं दिसत नाही, हवा मात्र येते.

पंखा कुठे? दरवाजाच्या समोरच्या बाजूला, बाहेरच्या भिंतीत, जमेल तितका वर. हवा दरवाजाखालून शिरावी, फरशीवरून, आंघोळीच्या जागेवरून जावी आणि वरून बाहेर पडावी. दरवाजाच्या डोक्यावरच पंखा लावला तर हवा खालून येऊन सरळ वर निघून जाते आणि पलीकडचा कोपरा तसाच ओला राहतो. शॉवरच्या थेट वर किंवा पाण्याचे शिंतोडे उडतील तिथे नको. ओल्या हातानं उभा माणूस सहज पोचेल अशा उंचीवर तर नकोच.

तुमच्याकडे लूव्हर खिडकी आहे. आणि इथेच सगळ्यात जास्त चूक होते. सुरुवातीची काही वर्षं ती मीही केली आहे. खिडकीच्या वरच्या तीन-चार काचा काढायच्या, तिथं पंखा बसवायचा, आणि खालच्या पट्ट्या उघड्या ठेवायच्या. पंखा फिरतो, बाहेर हवाही जाते, सगळ्यांना बरं वाटतं. पण तो खालच्या पट्ट्यांमधून बाहेरची हवा ओढतो आणि वीतभर अंतरावरून तीच पुन्हा बाहेर टाकतो. बाथरूममधली वाफ जागच्या जागी. खात्री करायची तर पंखा चालू करून एक उदबत्ती खिडकीच्या खालच्या पट्ट्यांजवळ धरा. धूर वळून पंख्यात जाताना डोळ्यानं दिसतो. मग तीच उदबत्ती दरवाजाखालच्या फटीशी धरा. तिथला धूर सरळ वर जात असेल तर पंखा बाथरूमसाठी काहीच करत नाही.

म्हणून भिंत न फोडता तुमच्या खिडकीतच पंखा बसवायचा असेल तर असं करा. पट्ट्या पूर्ण काढा. अॅल्युमिनियम सेक्शनचं काम करणाऱ्याकडून त्या मापाची चौकट करून घ्या. वरच्या भागात एसीपी शीट (बाहेरून अॅल्युमिनियम, आत प्लास्टिक) किंवा जाड प्लाय, त्यात पंख्याच्या मापाचं भोक. खालच्या भागात उजेडासाठी दुधी काच, पक्की बंद. पंखा नुसत्या काचेत बसवू नका, थरथरून स्क्रूपाशी तडा जातो. पंखा आणि शीटच्या मध्ये रबराची किंवा फोमची पट्टी घाला, आवाज निम्म्यावर येतो.

खालची काच पक्की बंद की उघडझाप करता येणारी, हे तुमच्या घरावर आहे. गावात वीज तासन् तास जात असेल तर उघडती ठेवा, पण पंखा चालू असताना ती बंद करायची शिस्त घरात लागली पाहिजे. माझा अनुभव असा की घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर ही शिस्त टिकत नाही. मग मी पक्की बंदच सुचवतो आणि पंखा इन्व्हर्टरवर घेतो. सहा इंची पंख्याला 25 ते 40 वॉट लागतात, बॅटरीला ते जड नाही. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर या मोटरी गुणगुणतात आणि तापतात.

भिंतीत भोक पाडायचं असेल तर दोन गोष्टींची काळजी घ्या. एक, खिडकीवरचा लिंटेलचा (वरच्या भिंतीचं वजन पेलणारा) पट्टा आणि स्लॅबखालचा बीम यांना हात लावायचा नाही, मधल्या विटांमध्येच जागा शोधायची. दुसरं, भोक आतून बाहेर थोडं उतरतं ठेवायचं, नऊ इंची भिंतीत सेंटिमीटरभर उतार पुरे. वावधन (वादळी वारा) सुटलं की पाऊस आडवा येतो, उतार आतल्या बाजूला असेल तर पाणी सरळ मोटरवर. भोकाचं माप पंख्याच्या इंचावरून काढू नका, खोक्यावर छापलेलं असतं ते घ्या. सहा इंची पंख्याला सहापेक्षा मोठं भोक लागतं. आधी ड्रिलनं कडेकडेनं भोकं पाडून मग दोन्ही बाजूंनी छिन्नी चालवली तर प्लास्टर फुटत नाही. पंखा सिमेंटमध्ये गाडू नका. गिट्टी (भिंतीत ठोकायचा प्लग) आणि स्क्रूवर बसवा, कारण वर्षातून दोनदा तो धुवायला काढायचा आहे.

बाहेर हवा कुठे पडते तेही बघा. घरामागची मोकळी सांदवाडी असेल तर उत्तम. स्वयंपाकघराची खिडकी, पिण्याच्या पाण्याचा हौद, शेजाऱ्याचं अंगण यांच्याकडे तोंड नको. पाऊस झेलायला वर छोटा छज्जा किंवा टिनाची टोपी, आणि मागे आपोआप मिटणाऱ्या झडपा असलेलाच पंखा घ्या. पंखा बंद असताना चिमण्या घरटं करतात, गांधीलमाश्या पोळं करतात, झडपा त्यांना अडवतात. जाळी लावली तर अर्ध्या इंचाच्या चौकोनाची. मच्छरजाळीसारखी बारीक लावली तर धूळ आणि कापसाचे तंतू बसून दोन महिन्यांत ती फडक्यासारखी बंद होते.

लोखंडी की प्लास्टिक, याला माझं उत्तर प्लास्टिक. बाथरूमच्या वाफेत लोखंडी चौकट दोन-तीन पावसाळ्यांत गंजते, आणि खारपाणपट्ट्यात त्याहून लवकर. शिवाय लोखंडी बॉडीला अर्थिंग पक्कं लागतं. घेताना आयएसआय शिक्का बघा, अशा पंख्यांसाठी भारतीय मानक आयएस 2312 आहे. बॉल बेअरिंग असलेला मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या, बुशवाला वाफेत लवकर जाम होतो. मोटरवर आयपीएक्स 4 लिहिलेलं असेल तर ती शिंतोडे सोसते. दुकानात पातं हातानं फिरवून बघा, ते हलकं फिरून हळूहळू थांबलं पाहिजे, अडकत थांबत असेल तर दुसरा काढायला लावा.

वायरिंग स्वतः करू नका, परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या, पण त्याच्याशेजारी उभं राहून काही गोष्टी करवून घ्या. बटण बाथरूमच्या बाहेर हवं. बटण फेजवर हवं. गावाकडच्या बऱ्याच घरांत बटण न्यूट्रलवर जोडलेलं मी पाहिलं आहे. पंखा बंद दिसतो, पण वायरीत करंट असतो, आणि पंखा पुसायला हात घालणाऱ्याला तो लागतो. बटण बंद करून पंख्याच्या टोकांवर टेस्टर लावायला सांगा, दिवा लागता कामा नये. गीझरच्या सोळा अँपिअरच्या पॉइंटवरून बारीक वायर ओढून पंखा जोडू नका, दिव्याच्या सर्किटवरून तांब्याची एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची वायर घ्या. पंख्यात शिरण्याआधी वायरला खाली एक वळसा द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी वळशाच्या तळाशी गळून पडतं, आत शिरत नाही. आणि मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागताच वीज तोडणारं उपकरण) नसेल तर या निमित्तानं बसवा. पंख्यापेक्षा ती महाग पडेल, तरी आधी ती. बाथरूममध्ये ओल्या पायानं उभ्या असलेल्या माणसाला वाचवणारी ती एकच वस्तू आहे.

अर्थिंगचं एक सांगतो, कारण तुमची जमीन काळी आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्याभोवती भेगा पडल्या की मातीची पकड सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओतत जा.

संध्याकाळी विजेचा दाब फार खाली येत असेल तर पंखा कधी कधी नुसता गुणगुणतो, फिरत नाही. अशा वेळी बंद करा. गुणगुणत राहिलेली मोटर जळू शकते.

वापराचं: आंघोळीला जाताना पंखा सुरू, बाहेर आल्यावर आणखी वीस मिनिटं चालू, दरवाजा लोटलेला. विसर पडत असेल तर टायमरचं बटण मिळतं, ते बसवा. रोज दोन तास चालला तरी 30 वॉटनं महिन्याला दोन युनिटही होत नाहीत. मार्च ते मे आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो, तेव्हा वाफेसाठी पंख्याची फारशी गरज नाही. कूलर चालू असेल तर तो घरात हवा ढकलतो आणि ती बाथरूमच्या वाटेनं बाहेर जाते, त्यामुळे वासही तेव्हा जाणवत नाही. म्हणूनच तुम्हाला उन्हाळ्यात बरं वाटलं असेल आणि पावसाळा लागताच त्रास सुरू झाला असेल. श्रावण-भादव्यात बाहेरची हवाच दमट असते, तेव्हा पंखा जास्त वेळ चालवा आणि फरशी वायपरनं ओढून घ्या. फरशीवर साचलेलं पाणी वाळवायला पंख्याला लावण्यापेक्षा ते हातानं काढणं सोपं.

तुम्ही "गीझर" एवढंच लिहिलं आहे. तो विजेचा असेल तर ठीक. गॅसचा असेल आणि बाथरूमच्या आत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो बाहेर काढा. गॅस जळताना बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणसाला गुंगी येते आणि तो तिथंच पडतो. एक्झॉस्ट लावला म्हणजे आत गॅस गीझर चालतो, असं सांगणारे भेटतात. तसं नाही. पंखा हवा ओढत असताना गीझरचा जळका वायू उलट खोलीत पसरू शकतो. गॅस गीझर बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर, आणि पाइपानं फक्त गरम पाणी आत. पूर्वीचा तांब्याचा बंब अंगणात असायचा, तीच जागा याचीही.

तर तुमच्यासाठी कामाचा क्रम असा: प्लास्टिकची परीक्षा, मोरीची वाटी, दरवाजाची फट, मग खिडकीच्या चौकटीत झडपांचा सहा इंची प्लास्टिकचा पंखा, बाहेर बटण, बोर्डात आरसीसीबी. चांगला सहा इंची पंखा साधारण एक ते दोन हजारांत येतो. चौकट आणि मजुरी गावागणिक वेगळी.

आता आईंसाठी. पंखा लागेपर्यंत ते काळे डाग कोरडे खरवडू नका, बुरशीची भुकटी हवेत उडते आणि दम्याच्या माणसाला तीच बाधते. काम असेल त्या दिवशी आईंना शेजारी किंवा मागच्या खोलीत बसवा, बेडरूमचा दरवाजा लावा. नाकातोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, डाग आधी साबणाच्या पाण्यानं ओले करून फडक्यानं पुसा. मग ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून निवळलेलं पाणी फडक्यानं लावा, अर्ध्या तासानं धुऊन काढा. त्या दिवशी संडास साफ करायचं अॅसिड तिथं अजिबात वापरू नका. ब्लीचिंग आणि अॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तो धडधाकट माणसालाही झेपत नाही. बाथरूम दिवसभर उघडं ठेवून वास पूर्ण गेल्यावरच आईंना खोलीत आणा. लगेच रंग देऊ नका. पंखा महिनाभर चालू द्या, कोपरे कोरडे राहतात हे डोळ्यानं बघा, मग बुरशीरोधक रंग द्या. डिस्टेंपर तिथं टिकत नाही.

प्लास्टिकच्या दोन्ही तुकड्यांचं काय झालं आणि खिडकीचं आतलं माप किती आहे, तेवढं लिहा. माप आलं की चौकटीत पंखा डावीकडे घ्यायचा की उजवीकडे, ते आंघोळीची जागा बघून सांगतो.